फुटाला एक सूत

(कोल्हापूर, उद्यमनगर. ऑक्टोबर २००४, रविवारची दुपार. बाबासो मधाळे यांचं पॅटर्न शॉप. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचं हे ठिकाण. पण आज कामाच्या टेबलावर काळं कापड अंथरलंय आणि त्यावर अवकाशयुद्धाच्या खेळातली सागवानी जहाजं आणि एक गोल ग्रह मांडलाय. बाबासो आणि त्यांची मुलगी अक्षता.)

बाबासो: ही प्लास्टिकची पट्टी कुनाची गं?

अक्षता: संयोगिताची. खेळाच्या खोक्यात आलेली. का?

बाबासो: आखडलीया.

अक्षता: आप्पा, ती अमेरिकेतनं आलीय.

बाबासो: मग अमेरिकेत आखडली आसंल. का पुन्यासनं येताना एस्टीत उन्हाला ठेवल्ती? फूट म्हनत्यात आनि फूट भरंना झालाय हिचा.

अक्षता: ऱ्हाऊ दे की ती पट्टी. हिकडं ध्यान द्या वाईच. मेल लिहाय लागलोय मी. संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन पुण्याच्या क्लबातल्या सगळ्यांना एकदम टाकणार. "सर्व सभासदांना कळवण्यास आनंद होतो की..." न्हाई, हे सोसायटीच्या नोटिशीगत वाटतंय. "कोल्हापूरचा तळ पडला नाही." बास. पयली ओळ एवढीच.

बाबासो: फुडं?

अक्षता: "संयोगिता पाच जहाजं घेऊन पुण्याहून आली. दहा फेऱ्यांत ग्रहावरचा तळ पाडून दाखवायचा, अशी अट होती. तळ पळत नाही, लपत नाही, जागेवरून हलत नाही. तरी पहिल्या सहा फेऱ्यांत त्यानं तीन जहाजं फोडली. नवव्या फेरीत चोवीस इंचांवरून तिचं सगळ्यांत मोठं जहाज फोडलं. दहावी फेरी संपली तेव्हा तळ उभा होता." कसं वाटतंय?

बाबासो: चोवीस इंचावरनं.

अक्षता: बरोबर चोवीस! पट्टीचं टोक जहाजाच्या नाकाला टेकलं तवा तुम्ही स्टुलावर बसलाच व्हता की. संयोगिता सोता वाकून बघितली. "लागलं" म्हणाली. तोंड बघितलं न्हाई का तिचं?

बाबासो: बगितलं. चांगली पोरगी हाय. हरली तरी तोंड वाकडं केलं न्हाय. कुटं गेलीया आता?

अक्षता: शेजारच्या दीप्तीसंगं गेलीय, लक्ष्मीपुरीच्या बाजारात. तिच्या आईला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पायजे. पाचाला येईल, सहाची गाडी हाय तिची. तवर तिला एक मोजपट्टी करून देणार म्हणालाय तुम्ही.

बाबासो: तीच करालोय. तिच्या पट्टीवर पल्ल्याचं रंगीत पट्टं कुटं कुटं हायत बगाय घेतली, तर ही आसली.

अक्षता: मग तुमच्या पट्टीवरनं करा की. मूळ खेळातली पट्टी फुटाचीच हाय. दोन फूट मारणारी तोफ त्यांच्याकडं न्हाईच, मग दोन फुटी पट्टी कुठनं असणार? ती आपण केली. दीड वर्ष झालं आप्पा. दीड वर्ष ही पुण्याची म्हणाय लागलीती, ग्रहावरचे तळ खेळातनं काढूनच टाकूया, नुसते मार खायला बसवल्यागत असतात. मूळ खेळात ठाणी हायत ती सगळी अवकाशात तरंगणारी. जमिनीवरचं कुणी नीट बसवलंच नव्हतं. आपण बसवलं.

बाबासो: ग्रह फिरतोय हे मी म्हटल्तं.

अक्षता: ते लिहिलंय की! ऐका. "माझ्या वडिलांनी ग्रह लेथवर काढला आणि त्याला कडेनं बारा भोकं पाडली. दर फेरीला खिट्टी काढायची, ग्रह एक भोक पुढं फिरवायचा, खिट्टी परत घालायची. त्यामुळे तळ निम्मा वेळ शत्रूसमोर येतो, निम्मा वेळ आड जातो."

बाबासो: मग. फिरत न्हाय त्यो ग्रह कसला? जेवनाचं ताट.

अक्षता: हे बी टाकतो मेलमधी. आणि संयोगिताला ग्रहाभोवतीच्या हवेचा नियम आवडला. जहाजानं तळावर मारलं की हवेतनं जाताना एक फासा कमी. म्हणाली, हे मला सुचायला पायजे व्हतं. आणि तळाच्या भिंतींचं विचारत व्हती.

बाबासो: भिंतींचं काय?

अक्षता: वर निमुळत्या का म्हणून. मी म्हटलं, आमच्या आप्पांना सरळ उभी भिंत करताच येत न्हाई. पॅटर्न वाळूतनं उचलताना साचा मोडू नये म्हणून जन्मभर भिंतींना उतार दिलाय. आता खेळण्यातल्या तळाला बी दिला!

बाबासो: हाताला काय म्हाईत, हे वाळूत जानार न्हाय म्हनून? हात आपल्या सवयीनं...

अक्षता: सवयीनं काय?

बाबासो: आयला.

अक्षता: काय झालं आप्पा?

बाबासो: भितीवरची पट्टी दे बगू. बाबासाहेबांच्या फोटूखाली लटकलीया ती.

अक्षता: खिशात हाय की एक तुमच्या. सारखीच स्टीलची.

बाबासो: सारखी दिसतीया. दे तू.

अक्षता: घ्या. असं काय करताय?

बाबासो: ही भितीवरची. ही प्लास्टिकची. लाव शेजारी. काय दिसतंय?

अक्षता: सारख्या हायत. फूट म्हंजे फूट.

बाबासो: आता माजी खिशातली लाव.

अक्षता: ही... ही लांब हाय.

बाबासो: किती?

अक्षता: एक सूत.

बाबासो: मागं काय कोरलंय वाच. माजा चष्मा तिकडं ऱ्हायलाय.

अक्षता: वाचाय कशाला पायजे? मला म्हाईत हाय. ही श्रिंकेजची पट्टी.

बाबासो: श्रिंकेजची. बीड वितळवून ओतलं की थंड हुताना आकसतंय, म्हनून लाकडाचा नग आदीच मोटा करायचा. फुटाला एक सूत. दर खेपंला हिशेब करत बसाय नगो म्हनून पट्टीच तेवडी लांब कोरल्याली आसती. छत्तीस वर्सं हीच खिशात हाय. तुजी दोन फुटी पट्टी मी हिनंच आखली.

अक्षता: म्हंजे चोवीस इंचाला...

बाबासो: दोन सूत. पाव इंच जादा.

अक्षता: आणि मोठ्या जहाजाला टोक नुसतं टेकलं व्हतं.

बाबासो: टेकलं न्हवतं. माज्या पट्टीनं टेकवलं.

अक्षता: थांबा. थांबा जरा. कुणाला दिसलं हे?

बाबासो: मला.

अक्षता: तुम्हाला आणि मला. पाव इंच आप्पा! टेबल सहा फुटी हाय. ती जहाजं हातानं सरकवतीय, बोटाचा धक्का लागतोय, कापडाला घडी पडतीय. पाव इंच हिकडं तिकडं हुतंयच की त्यात.

बाबासो: हातानं हिकडं बी हुतंय आनि तिकडं बी हुतंय. त्याला खेळ म्हनत्यात. माजी पट्टी एकाच बाजूला खोटी हाय. आपल्या.

अक्षता: नियमांची पुस्तिका मंगळवारी छापाय जाणार हाय. चाळीस प्रती. त्यातली एक बेंगलोरच्या क्लबाला. त्यात पान हाय, "कोल्हापूर तळ", खाली माझं नाव. अट एकच व्हती, दहा फेऱ्या टिकला तर आत, न्हाई तर बाहेर.

बाबासो: मग टिकला का?

अक्षता: टिकला.

बाबासो: टिकला का, अक्षा?

अक्षता: मला म्हाईत न्हाई! ते जहाज फुटलं नसतं तर दहाव्या फेरीत अंगावर आलं असतं. मग काय झालं असतं ते फासे जाणोत.

बाबासो: मग म्हाईत न्हाय आसं लिव त्या मेलमदी.

अक्षता: माझं सोडा हो. माझा नियम आत जाऊ दे न्हाई तर चुलीत जाऊ दे. तुमचं काय? पयल्यांदा पुण्याला गेलतो तवा मी "येतो", "जातो" म्हटलं की पोरं खुदुखुदू हसायची. कोल्हापुरात कुस्ती सोडून असलं कुणी खेळतं का, म्हणून विचारायची. मग मी पिशवीतनं तुम्ही केलेलं पयलं जहाज काढून टेबलावर ठेवलं. सगळी वाकून बघाय लागली. त्यातला एक इंजिनिअर व्हर्नियर घेऊन आला. डावा पंख मोजला, उजवा मोजला, परत डावा मोजला. केसाचा फरक निघंना. तवापासनं तिथं नाव हाय तुमचं. "अक्षताच्या वडिलांचा हात" म्हणतात. माझ्यापेक्षा तुमचीच चौकशी जास्त करतात. आणि आता मी जाऊन सांगू, त्याच हातानं खोटी पट्टी केली म्हणून?

बाबासो: सांग की. त्याच हातानं केलीया.

अक्षता: मला सांगवत न्हाई.

बाबासो: लाज वाटतीया व्हय माजी?

अक्षता: लाज न्हाई आप्पा. माज हाय मला तुमचा. तो उतरवून ठेवावा लागंल.

बाबासो: बस खाली. त्र्याऐंशी सालची गोष्ट. तू तवा एक वर्साची व्हतीस. शिरोलीच्या एका कारखान्याला पंपाच्या केसिंगचा पॅटर्न दिल्ता. रातच्याला जेवाय बसलो आनि पयला घास मोडताना ध्यानात आलं, पाईप बसायचं भोक डाव्या अंगाला पायजे, मी उजव्या अंगाला ठेवलंय. तुज्या आईला म्हटलं, भाकरी झाकून ठेव. सायकल मारली शिरोलीपतोर. बगतोय तर भट्टी लागल्याली, चाळीस साचं भरून तयार, बादल्या उचलाय लागलीती.

अक्षता: मग?

बाबासो: मग काय? आडवा पडलो म्हनंनास. म्हटलं, ओतू नगासा, चुकलंय माजं. मालक आसा काय पेटला! मारायला काय घावतंय का बगत व्हता. घावलं न्हाय म्हनून वाचलो.

अक्षता: काम गेलं?

बाबासो: चार म्हैनं दिलं न्हाय. पाचव्या म्हैन्यात सोता आला, हितं, ह्या दारात. म्हनला, बाबासो, बाकीच्यांची चूक मला ओतल्यावर कळतीया, तुजी आदी कळती. तवापासनं त्याचं काम दुसरीकडं गेलं न्हाय. त्यो व्हर्नियरवाला पंख मोजून गेला ते बरं केलं त्यानं. पर माप बरोबर येनं ही निम्मीच कारागिरी झाली, लेकी.

अक्षता: मग संयोगिताला सांगायचं कुणी?

बाबासो: कुनी म्हंजे? ती आली की मी सांगतो.

संयोगिता: कोणाला काय सांगताय काका? येऊ का आत? घनसाळ मिळाला, पाच किलो. दीप्तीनं दुकानदाराला इतकं हैराण केलं की शेवटी तो मलाच म्हणाला, ताई, हिला घेऊन जा. माझी पट्टी झाली?

बाबासो: या ताई, बसा. तुमास्नी एक सांगायचं हाय...

अक्षता: आप्पा, थांबा. खेळ माझा हाय. संयोगिता, नवव्या फेरीतला माझा बार तुझ्या मोठ्या जहाजापर्यंत पोचत नव्हता.

संयोगिता: म्हणजे? मी स्वतः बघितलं की वाकून.

अक्षता: पाव इंच कमी पडत होता. मी पट्टी नीट धरली नव्हती. जरा वाकडी धरली, आणि पुढं सरकली हातातनं. चूक माझी आहे.

संयोगिता: वाकडी धरली तर उलट कमी भरेल, जास्त कसं भरेल?

बाबासो: अक्षा, कशापायी खोटं बोलतीस? तुला येत बी न्हाय. ताई, हिनं पट्टी सरळच धरल्ती. पट्टीच लांब हाय, दोन सूत. ती मी केलीया. हे बगा, ही तुमची, ही माजी. ओतकामाच्या पट्टीनं आखली मी. बीड आकसतंय तेवडं धरून.

संयोगिता: एक मिनिट. म्हणजे ही पट्टी लाकडाची न ठेवता बिडात ओतली असती...

बाबासो: तर बरोबर चोवीस आली आसती! सुताचा फरक न्हाय!

अक्षता: बघ. चुकलेत ते बी मापात.

संयोगिता: हसू नकोस गं, मला खरंच भारी वाटतंय हे. काका, तुम्ही बोलला नसता तर मला जन्मात कळलं नसतं.

बाबासो: कळलं आसतं की. तुमच्यासाटी दुसरी पट्टी करायची व्हती. ती बरोबर केली तर ही खोटी हाय हे पुन्यात शेजारी ठेवल्या ठेवल्या दिसलं आसतं. आनि मुद्दाम चुकीची पट्टी करनं मला काय जमत न्हाय.

संयोगिता: बरं. साडेपाचपर्यंत वेळ आहे. माझ्या वहीत प्रत्येक चाल लिहिलेली आहे. आधीचे बार सगळे जवळचे होते, त्यांना पाव इंचानं फरक पडत नाही. नववी फेरी पुन्हा खेळू या. अक्षता?

अक्षता: खेळू या.

संयोगिता: पुन्हा विचार कर. आत्ता मी हरलेली आहे. मी हरकत घेतलेली नाही.

अक्षता: तुझं मोठं जहाज कुठं होतं, वाच.

संयोगिता: कापडाच्या कडेपासून अकरा इंच, नाक ग्रहाकडे. लहानगं त्याच्या मागे. ठेव तसं. तळाची दोन कवचं शिल्लक. आता माझी पट्टी घे, दोनदा लाव. काका, मधे खडूची खूण करा, तुमचा हात नेमका आहे.

बाबासो: अजून हाय म्हनता?

संयोगिता: आहे.

बाबासो: ही केली खूण. लाव फुडं, अक्षा.

अक्षता: कमी पडतंय.

संयोगिता: कितीनं?

अक्षता: दोन सूत. बार वाया गेला. तुझी चाल.

संयोगिता: मोठं जहाज सहा इंच पुढे. लहानगं जागेवर. दहावी फेरी, शेवटची. काका, ग्रह फिरवा.

बाबासो: मी?

संयोगिता: तुमचाच आहे तो.

बाबासो: खिट्टी काढली. एक भोक. बसली. आरं तिच्या, ठानं तर अजून तुमच्या तोंडाफुडंच हाय की!

अक्षता: आड जायला अजून एक भोक पायजे. नियम हाय.

बाबासो: कुनी केला असला नियम?

अक्षता: तुम्ही आणि मी. आधी तळाचा बार. तीन फासे, एक जरी सहा पडला तर जहाज फुटलं. टाकतो.

संयोगिता: दोन. चार.

बाबासो: तिसरा कुटं गेला?

अक्षता: तुमच्या रंध्याखाली. पाच हाय. न्हाई फुटलं.

संयोगिता: आता मी. पाच फासे.

अक्षता: हवा हाय मधे.

संयोगिता: बरोबर, तुझी हवा. चार फासे. त्यातले दोन पाच किंवा सहा पडले तर तळ पडला, नाहीतर टिकला. काका, टाकू?

बाबासो: टाका. माज्याकडं कशाला बगताय?

संयोगिता: पाच.

अक्षता: एक.

संयोगिता: तीन.

बाबासो: आनि ह्यो?

अक्षता: सहा.

बाबासो: गेलं?

अक्षता: गेलं, आप्पा.

संयोगिता: अक्षता, मंगळवारच्या पुस्तिकेत तळ जाणार नाही. मी भांडले असते त्यांच्याशी, पण...

अक्षता: नको भांडू. अट ती अट. दहाव्या फेरीत पडला म्हणजे पडला.

संयोगिता: पण ऐक. मी इथं यायच्या आधी सगळ्यांना सांगून आले होते की चार फेऱ्यांत आटपून येते, म्हणून. जागेवरून न हलणाऱ्या एका ठाण्यानं माझी पाचातली तीन जहाजं खाल्ली आणि शेवटच्या फाशापर्यंत माझा जीव वर-खाली केला. सकाळपासून मला एकच शंका होती. हा तळ पडतच नसेल, तर तो खेळात घेऊन करायचं काय? तो पडतो, आणि पडता पडता जीव काढतो. आता मला तो हवाच आहे. डिसेंबरात पुण्याला घेऊन ये. सगळ्यांसमोर खेळू, नवीन चाचणी. टिकला तर पुढच्या पुस्तिकेत.

अक्षता: येतो. बरोबर पट्टी घेऊन येतो.

संयोगिता: काकांनाही आण.

बाबासो: मी काय करू तितं? मला त्यातलं फासं बी कळत न्हाईत.

संयोगिता: ग्रह फिरवायला.

बाबासो: खरं सांगू का ताई? मगाशी खिट्टी हातात व्हती तवा मनात आलं, दोन भोकं फिरवावीत. ठानं आड गेलं आसतं. तुमास्नी कळलं बी नसतं.

अक्षता: आप्पा!

बाबासो: फिरवली का? न्हाय फिरवली. मनात यायला काय हुतंय? बाप हाय मी. पर तूच मगाशी म्हनलीस, बार वाया गेला, तुजी चाल. आवाज बी हलला न्हाय तुजा. म्हटलं, पोरगी एवडी सरळ हुबी हाय आनि आपन कुटं वाकडं शिरायचं? लई बरं वाटलं बग मला. जिंकल्यावर वाटलं त्यापरास जास्त.

अक्षता: मला रडवाय बसलाय का आता?

संयोगिता: थांबा, निघायच्या आधी निकाल लिहिते. ही वही सगळे वाचतात, म्हणून मोठ्यानं वाचते, चुकलं तर सांगा. "ग्रहावरील तळ, चाचणी पहिली, कोल्हापूर. तळ दहाव्या फेरीत पडला. तळ टिकल्याचा आधीचा निकाल रद्द, कारण तळाची मोजपट्टी पाव इंच लांब होती. ही गोष्ट तळाच्या बाजूनेच लक्षात आणून दिली." झालं.

बाबासो: पट्टी कुनी केल्ती, ते?

संयोगिता: ते कशाला लिहायचं काका? एवढं पुरे आहे.

बाबासो: पुरं न्हाय. आसं वाचून लोकं म्हनतील, अक्षतानं केली. छत्तीस वर्सात माज्या हातचं हजारानं नग गेलं. पंप झालं, ऊस गाळायचं चरक झालं, लेथचं पाय झालं. सगळ्यावर कारखान्याचं नाव उठतंय, माजं कुटंच न्हाय, आनि त्याचं मला कदी वाईट बी वाटलं न्हाय. पर ही चूक माजी हाय. ती पोरीच्या नावावर जाता कामा न्हाय. लिवा तुमी. बाबासो आकाराम मधाळे.

संयोगिता: बाबासो आकाराम मधाळे.

बाबासो: पॅटर्न मेकर, कोल्हापूर.

संयोगिता: पॅटर्न मेकर, कोल्हापूर. लिहिलं.

अक्षता: वही मिटू नको. त्याच्यापुढं आणखी लिही.

संयोगिता: काय लिहू?

अक्षता: अक्षताचे वडील.